जहाजाची सहल घ्यावी की आपलं आपण फिरावं? आधी परतीचं बघा

प्रश्न असा आला आहे: "आम्ही सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहतो. मे अखेरीस आई (६३), बाबा (६८, गुडघ्याचा त्रास), बायको आणि दहा वर्षांचा मुलगा असे पाच जण बार्सिलोनाहून सात रात्रींच्या क्रूझवर जातोय. मधे मार्सेय, जेनोव्हा, रोम, नेपल्स ही बंदरं आहेत. प्रत्येक ठिकाणी जहाजाची सहल (बंदरावर उतरून गाव दाखवणारी, जहाजानेच विकलेली) घेतली तर खर्च क्रूझच्या भाड्याएवढा होतो. आपलं आपण फिरलं तर चालेल का? आणि जहाज आम्हाला सोडून गेलं तर?"

तुमचा खरा प्रश्न शेवटचा आहे. वरचा पैशाचा सगळा हिशोब त्या एका भीतीपाशी येऊन थांबतो, आणि सहली विकणारेही त्याच भीतीवर विकतात. म्हणून मी उलट्या टोकाकडून सुरू करतो. परत कसं यायचं ते आधी, काय बघायचं ते मग.

मी सोलापुरातूनच सहली काढतो. सुरुवात अक्कलकोट-गाणगापूरच्या बसने झाली, मग काशी, मग सिंगापूर, आणि गेली दहा-बारा वर्षं क्रूझ. माझ्या गटातले बहुतेक लोक साठीच्या पुढचे. समुद्र गणपतीपुळ्याला पाहिलेला, त्याशिवाय मोठं पाणी म्हणजे उजनी. तेव्हा माझं सांगणं पाठीला पिशवी टाकून निघणाऱ्या पोरांसाठी नाही. तीन पिढ्या एकत्र निघालेल्या घरासाठी आहे.

जहाजाची सहल घेता तेव्हा तुम्ही विकत काय घेता हे नीट समजून घ्या. बस, गाइड, प्रवेशाचं तिकीट हे सगळं बाहेर बरंच स्वस्त मिळतं. जास्तीचे पैसे जातात ते एका हमीचे. जहाजाने विकलेल्या सहलीची बस रस्त्यात अडकली तर जहाज वाट बघतं, आणि थांबणं शक्यच नसेल तर तुम्हाला पुढच्या बंदरावर पोचवण्याची जबाबदारी त्यांची. आपलं आपण गेलेल्या माणसासाठी कप्तान थांबत नाही. यात तो दुष्ट आहे असं नाही. धक्का ठरावीक वेळेपुरता मिळालेला असतो, जहाज बाहेर काढणारा पायलट ठरलेला असतो, आणि तीन-चार हजार माणसं पुढच्या बंदरावर वेळेत पोचायची असतात. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर खासगी सहलीला गेलेले आठ प्रवासी उशिरा परतले. जहाज अजून समोर नांगरलेलं दिसत होतं, तटरक्षक दलाच्या बोटीने ते जवळपर्यंत गेलेही, पण वर घेतलं नाही. शेवटी देशामागून देश ओलांडत सेनेगलमधल्या डकारला जाऊन त्यांनी जहाज गाठलं.

पण ती हमी परतीची असते, बाकी कशाची नाही, हेही लक्षात ठेवा. सहल जहाज विकतं, चालवतो मात्र तिथला कंत्राटदार. ९ डिसेंबर २०१९ ला न्यूझीलंडच्या व्हाकारी या ज्वालामुखीच्या बेटावर स्फोट झाला तेव्हा बेटावर ४७ माणसं होती. त्यांतली २२ गेली. त्या ४७ मधले बहुतेक जण एका क्रूझचे प्रवासी होते आणि सहल जहाजावरच घेतलेली होती. म्हणून "जहाजवाल्यांनी दिलंय म्हणजे सुरक्षितच" असं डोळे झाकून धरू नका. बोट, डोंगर, झिपलाइन, एटीव्ही (खडबडीत रस्त्यावरची चारचाकी) असलं काही असेल तर आपलं डोकं वापरा, आणि प्रवासविमा अशा प्रकारांना धरतो का ते घरूनच वाचून निघा.

आता माझा ठोकताळा. जहाज आणि बघायची जागा यांच्यात किती वाहनं बदलावी लागतात ते मोजायचं. चालत किंवा एका वाहनात पोचता येत असेल तर आपलं आपण जा, जहाजाला पैसे देऊ नका. दोन वाहनं असतील तर विचार करा. तीन असतील, किंवा त्यांतलं एक दुसऱ्याच्या वेळापत्रकावर चालणारी आगगाडी किंवा होडी असेल, आणि सोबत दुखऱ्या गुडघ्याचं माणूस असेल, तर मुकाट्याने जहाजाची सहल घ्या. तुमची बंदरं या मापाने मोजू.

जेनोव्हाला एक पैसाही देऊ नका. जहाज स्तात्सिओने मारित्तिमा या जुन्या प्रवासी धक्क्याला लागतं आणि ते शहरातच आहे. जुन्या बंदराच्या कडेने सावकाश चालत गेलं तर अर्ध्या तासाच्या आत अक्वेरियम येतं. १९९२ मध्ये सुरू झालेलं हे मत्स्यालय युरोपातल्या मोठ्यांपैकी एक. तुमच्या मुलासाठी सगळ्या क्रूझमधला हा सर्वांत आनंदाचा दिवस ठरेल, लिहून ठेवा. तिकीट ऑनलाइन काढा. आत सावली, बसायला बाक, स्वच्छतागृह, सगळं आहे. बाबांनाही जमेल. दुपारी परत येऊन जहाजावरच जेवा.

मार्सेयचा धक्का गावापासून लांब, आठ-दहा किलोमीटरवर आहे. चालत जायच्या भानगडीत पडू नका, मधे सगळा गोदीचा भाग आहे. जहाजाची जाण्या-येण्याची शटल बस मिळते. ती पैसे देऊनच असते, पण पूर्ण सहलीपेक्षा खूप स्वस्त. ती जुन्या बंदराच्या भागात सोडते. तिथून टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्द चर्चला जाणारी छोटी पर्यटक-गाडी निघते, आगगाडीसारखी दिसणारी, रस्त्यावरून चालणारी. चढ चढायला नको. शटलची शेवटची फेरी किती वाजता हे मात्र उतरतानाच ड्रायव्हरला विचारून घ्या आणि त्याच्या आधीची फेरी पकडा. शेवटच्या फेरीला रांग असते.

रोमवर जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते.

माहितीपत्रकावर "रोम" छापलेलं असतं. जहाज लागतं चिव्हितावेक्कियाला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर, म्हणजे सोलापूर ते पंढरपूर समजा. एकादशीच्या दिवशी सोलापूरहून निघून, पांडुरंगाचं दर्शन घेऊन, ठरल्या मिनिटाला परत यायचंय असं कोणी सांगितलं तर तुम्ही काय म्हणाल? तेच रोमचं. ही काही एकट्या रोमची गोष्ट नाही. "फ्लॉरेन्स" म्हणजे लिव्होर्नो, तिथून नव्वदेक किलोमीटर, आपलं विजापूर. "बर्लिन" म्हणजे वार्नेम्युंडे, आणि ते अंतर जवळपास सोलापूर-पुणे आहे, जाऊन-येऊन एका दिवसात! व्हेनिसच्या जुन्या शहरासमोरून मोठी जहाजं न्यायला १ ऑगस्ट २०२१ पासून बंदी आहे, त्यामुळे हल्ली "व्हेनिस" लिहिलेलं जहाज रॅव्हेन्नाला नाहीतर त्रिएस्तेला जाऊन लागलेलं असतं. बुकिंगच्या आधी शहराचं नाव वाचू नका, बंदराचं नाव वाचा.

तर रोमचा हिशोब. समजा जहाज सकाळी सातला लागलं आणि वर चढायची शेवटची वेळ साडेसहा आहे. सातला लागलं म्हणजे सातला उतरलो असं होत नाही. परवानगी, गँगवे (उतरायचा जिना), लिफ्टची गर्दी यात पाऊण तास जातो. बंदराच्या आतून फुकट शटल लार्गो देल्ला पाचे या ठिकाणी सोडते. तिथून स्टेशनला दुसरी बस. मग गाडी, सान पिएत्रो स्टेशनपर्यंत पाऊण ते एक तास. तिथून व्हॅटिकनचं सेंट पीटर्स चर्च दहा-पंधरा मिनिटं चालत, बाबांच्या पायाने पंचवीस धरा. मोजा, तीन वाहनं झाली. पोचलात तर दहा वाजून गेले. परतीला हेच सगळं उलट, वर दोन तास राखीव. म्हणजे अडीच-तीनच्या आत रोम सोडायचं. हातात उरले चार-साडेचार तास. त्यात कोलोसियम, व्हॅटिकन, त्रेव्ही कारंजं असं सगळं मारणारे लोक मी पाहिलेत. संध्याकाळी त्यांचे चेहरेही पाहिलेत.

तरुण असाल तर गाडी उत्तम आहे. दोनच सूचना. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. तिकीट असूनही शिक्का नाही म्हणून दंड भरलेले आमच्या गटातले दोघे आहेत. आणि इटलीत रेल्वेचे संप वरचेवर होतात, बहुतेक वेळा आधी जाहीर करून. जायच्या आदल्या आठवड्यात बातमी बघा.

तुमच्यासाठी मात्र मधला मार्ग आहे आणि तो सहलीच्या डेस्कवर आपणहून कोणी सांगत नाही. जहाज "रोम ऑन युअर ओन" अशा नावाची नुसती बस विकतं. गाइड नाही, तिकिटं नाहीत. बस रोममध्ये सोडते आणि ठरल्या वेळी घेऊन येते. पूर्ण सहलीपेक्षा बरीच स्वस्त, आणि परतीची हमी तीच. बसमध्ये आई-बाबांची झोपही होते. उतरल्यावर एकच जागा बघा. सेंट पीटर्स घ्या, बाहेरच्या चौकात बसा, एक जिलातो (तिथलं आइस्क्रीम) खा, परत या. बुधवार असेल तर सकाळी पोपची सभा असते, सेंट पीटर्स दुपारपर्यंत बंद असतं, तेव्हा बुधवारी कोलोसियमकडे वळा. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून). खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आईंची साडी तिथे सगळ्यात सोयीची. अडचण येते ती मुलाच्या हाफ पँटची आणि आपल्या बर्म्युडाची.

नेपल्सला जहाज अगदी गावात लागतं. फाटकाबाहेर आलं की समोर किल्ला. नुसतं गाव, पिझ्झा आणि समुद्राकाठचा फेरफटका एवढंच करायचं असेल तर कुठल्याच सहलीची गरज नाही. प्रश्न पाँपेईचा, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेल्या जुन्या रोमन गावाचा. स्वतः जायचं तर आधी स्टेशन गाठायचं, मग चिर्कुमवेझुव्हियाना ही लोकल, जवळपास पाऊण तास. गर्दीत उभं राहून, उकाड्यात. पाकीटमारांसाठी ती लाइन कुप्रसिद्ध आहे. आणि "आपण सोलापूरचे, आपल्याला उन्हाचं काय" असं कृपा करून म्हणू नका. आपण मे महिन्यात बारा ते चार घरात पंख्याखाली बसतो म्हणून टिकतो. पाँपेई ६६ हेक्टरवर पसरलेलं आहे, त्यातला दोन-तृतीयांश भाग खणून उघडा केलेला, सावली जवळजवळ नाही, आणि पायाखाली दोन हजार वर्षांपूर्वीचे उंचसखल दगड. गुडघेदुखीला याच्याहून वाईट जमीन नाही. शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० जणांनाच आत सोडतात आणि तिकिटावर नाव असतं, त्यामुळे ऐनवेळी गेलं तर परतही यावं लागतं. पाँपेई बघायचीच असेल तर या एका बंदरावर जहाजाची पूर्ण सहल घ्या, पण तिघांचीच. आई-बाबांनी गावात बसावं किंवा सरळ जहाजावर थांबावं.

जहाजावर थांबण्याचं आपल्या लोकांना फार वाईट वाटतं. पैसे भरलेत म्हणजे प्रत्येक बंदरावर पाय लागलाच पाहिजे! पण बंदराच्या दिवशी दुपारी जहाज जितकं छान असतं तितकं कधीच नसतं. तरणतलाव रिकामा, जेवणाला रांग नाही, खुर्ची हवी तिथे. माझ्या गटातले एक निवृत्त मास्तर गेल्या खेपेला दोन बंदरांवर उतरलेच नाहीत. डेकवर बसून धक्क्यावरची क्रेन दिवसभर बघत होते. परतल्यावर त्यांनी सगळ्यात जास्त गोष्टी सांगितल्या.

बार्सिलोनाबद्दल एवढंच की जहाज सुटायच्या दिवशी विमानाने पोचू नका. सोलापूरहून मुंबई, मुंबईहून एक विमान, मधे बदल, एवढ्या साखळीत एक कडी सुटली की संपलं. आदल्या दिवशी पोचा. साग्रादा फमिलिया या चर्चचं वेळेचं तिकीट घरूनच काढा, दारात जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. बांधकाम १८८२ मध्ये सुरू झालंय, अजून चालू आहे, हे ऐकून बाबांना आपल्या इथल्या रस्त्यांची आठवण होईल. ला रांब्ला रस्त्यावर पाकीट तसंच सांभाळा जसं आपल्या गड्ड्याच्या जत्रेत सांभाळता, पुढच्या खिशात, वर हात. सोलापूरकराला याची वेगळी शिकवणी लागत नाही, पण परदेशात गेल्यावर का कोण जाणे, आपण सैल होतो.

आता घड्याळ. याबद्दल माझी स्वतःची चूक सांगतो.

सिंगापूरहून निघालेली क्रूझ होती, मधे थायलंडचं फुकेत, तिथे जहाजावरून किनाऱ्यावर होडीने ने-आण. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. आमचं जहाज सिंगापूरच्याच वेळेवर चाललं होतं. मी सकाळी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "शेवटची होडी पाचला, साडेचारला सगळे जेट्टीवर पाहिजेत." कोणाच्या घड्याळाचे साडेचार हे सांगायचं राहिलं. किनाऱ्यावर उतरताच सगळ्यांच्या मोबाइलने आपोआप थायलंडची वेळ घेतली. माझ्या मनगटावर जुनं एचएमटी, ते काही आपोआप बदलत नाही.

माझ्या घड्याळात पावणेपाच झाले तरी सहा माणसं गायब. फोन लावला. पलीकडून अगदी निवांत आवाज, "अजून लई वेळ हाय की ओ, पावणेचार तर झालेत. नारळपाणी पितोय, तुम्ही पण या." माझ्या पोटात गोळा आला. ते टुकटुक करून धावत आले तेव्हा जहाजाच्या वेळेने पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. जेट्टीवरचा जहाजाचा तंबू खाली आला होता. पाण्याचं पिंप आणि ओल्या टॉवेलांच्या टोपल्या होडीत चढल्या होत्या. एक खलाशी दोर हातात घेऊन उभा. अधिकाऱ्याने आमच्याकडे बघितलंही नाही, नुसतं मनगटावर बोट ठेवलं. ती होडी कर्मचाऱ्यांना न्यायला थांबली होती म्हणून आम्ही गेलो. गटातला एक पोरगा दम लागलेल्या आवाजात दुसऱ्याला म्हणाला, "काय बे, मोबाइलच खोटं बोलला की." मोबाइल खरं तेच बोलत होता, मीच अर्धं सांगितलं होतं.

तेव्हापासून प्रत्येकाच्या हातात साधं काट्याचं घड्याळ, जहाजाच्या वेळेला लावलेलं. शंभर-दोनशे रुपयांचं चालतं. तुमच्या मार्गावर स्पेन, फ्रान्स, इटली तिघांची वेळ एकच आहे, म्हणून धोका कमी. पण जे ग्रीस-इटली करतात त्यांना एका तासाचा फरक लागतो. रोज रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम येतो, कागदावर नाहीतर ॲपवर. त्यात चढायची शेवटची वेळ असते आणि जहाज कंपनीच्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. सकाळी निघताना त्या पानाचा फोटो काढा, पाचही जणांच्या मोबाइलमध्ये. सहसा जहाज सुटायच्या अर्धा तास आधी चढणं बंद होतं, होडीने जायचं असेल तर त्याहून आधी. जहाज सुटायची वेळ पाठ करणारा माणूस हमखास उशिरा येतो.

आणि खरंच राहिलात तर? तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: आभाळ कोसळत नाही, खिसा मात्र कोसळतो. बहुतेक वेळा जहाजाचे लोक केबिनच्या तिजोरीतून पासपोर्ट काढून त्या बंदर-एजंटकडे ठेवून जातात. त्याला फोन करायचा, पुढचं बंदर विचारायचं, आणि आपल्या खर्चाने तिथे पोचायचं. इटलीहून फ्रान्स किंवा स्पेन गाठणं अवघड नाही, सगळे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत, आहेत. टर्कीसारखं बंदर मधे असेल तर शेंगेन व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचाच हवा, नाहीतर जहाजावरही परत यायची पंचाईत. तुमच्यापैकी दोघांजवळ तरी वेगवेगळी कार्डं, पासपोर्टच्या रंगीत झेरॉक्स आणि आई-बाबांच्या दोन दिवसांच्या गोळ्या खांद्यावरच्या पिशवीत असू द्या. गोळ्या विशेषतः. रक्तदाबाची गोळी केबिनमध्ये आणि माणूस धक्क्यावर, हे मी पाहिलंय.

तुमच्या मार्गावर होडीचं बंदर नाही, पण पुढे कधी सँटोरिनीला किंवा आपल्याच लक्षद्वीपला गेलात तर हे लागेल. धक्का नसला की जहाज लांब उभं राहतं आणि टेंडर नावाच्या होड्यांनी किनाऱ्यावर नेतात. जहाजाच्या सहली घेतलेल्यांना आधी सोडतात, बाकीच्यांना नंबरची चिठ्ठी. समुद्र खवळला तर बंदरच रद्द. जहाजाच्या सहलीचे पैसे तेव्हा परत येतात, बाहेर भरलेले तुमच्या नशिबाने.

होडीत उतरताना काय होतं ते सांगतो. दारापाशी उभं राहिलं की होडी वर येते, खाली जाते, फूट-दीड फूट. आमच्या एक काकू नऊवारीत. खलाशाने हात पुढे केला, काकूंनी त्याच्या पंजात पंजा दिला. त्याने तो सोडवला आणि त्यांचं मनगट धरलं. काकू एकदम आक्रसल्या. मी मागून सांगितलं, "काकू, तुम्हीपण त्याचं मनगट धरा." घामेजलेला पंजा निसटतो, दोघांनी एकमेकांची मनगटं धरली की निसटत नाही. मग त्याने होडी वर येण्याची वाट बघितली आणि हलकेच मान हलवली. काकूंनी पाय टाकला. बसल्यावर म्हणाल्या, "फुगडीत असंच धरतात की." दुसरा हात मोकळा हवा, मोबाइल खिशात, पिशवी पाठीला, एवढंच त्यातलं शास्त्र. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांना बऱ्याचदा अशा होडीत घेत नाहीत, ते आधी विचारून घ्या.

जहाजाच्या सहलीतला आणखी एक खर्च यादीत नसतो: दुकान. टर्कीत कुशादासीला उतरून एफेससचे अवशेष बघायला जाणाऱ्या सहलींचा शेवट बऱ्याचदा गालिच्याच्या दुकानात होतो. सफरचंदाचा चहा येतो, मग पोरं एकामागून एक गालिचे हवेत फेकून पसरतात. आमच्या गटात यंत्रमागावर आयुष्य गेलेले एक पद्मशाली गृहस्थ होते. सगळे वरची नक्षी बघत होते. हे खाली बसले, कोपरा उलटा केला आणि मागच्या बाजूला अंगठ्याच्या नखाने गाठी मोजायला लागले. विक्रेत्याचं बोलणं थांबलं. यांनी इंग्रजीचा एक शब्द न वापरता एका गालिच्याकडे बोट करून मान होकारार्थी हलवली, दुसऱ्याकडे बघून तळहात पालथा केला. तो दुसरा यंत्रावरचा होता, हाताचा नव्हे. विक्रेत्याने स्वतः त्यांना आणखी एक चहा आणून दिला. घेतलं कोणीच काही नाही. तुम्हालाही तेवढंच सांगणं: दुकानात जाणं सहलीचा भाग असतो, घेणं नसतो. अर्धा तास बसा, पाय मोकळे होतात.

खाण्याचं. जहाजावरून फळं किंवा न्याहारीचे सँडविच पिशवीत घालून उतरू नका. बहुतेक जहाजांचा नियम तसा आहे आणि काही देशांत त्यावर दंड आहे, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला तर जबर. घरी केलेलं अन्न जहाजावर चढूही देत नाहीत सहसा. आपली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न्यायचीच असेल तर दुकानातली, कंपनीच्या सीलबंद पाकिटातली न्या. इटलीत शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. मार्गेरिता पिझ्झा आहेच, चीज चालत नसेल तर मारिनारा मागा, त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल एवढंच. पूर्ण दिवसाच्या सहलीत जेवण असेल तर शाकाहारी आहोत हे आदल्या दिवशीच डेस्कवर लिहून द्या. बसमध्ये बसल्यावर सांगून काही होत नाही.

गाइडच्या बाबतीत एक गोष्ट कोणी बोलत नाही. पूर्ण सहलीत कानाला यंत्र देतात, त्यातून इटालियन वळणाचं भरभर इंग्रजी येतं. आई-बाबांना त्यातलं किती कळणार? आमच्याकडे सूनबाई इंग्रजीतून मराठीत आणि शेजारच्या आजी मराठीतून कानडीत, अशी साखळी लागलेली असते, तोवर गाइड पुढच्या चौकात. त्या यंत्रासाठी माणशी पैसे मोजण्यापेक्षा तुम्हीच आदल्या रात्री दहा मिनिटं वाचून त्यांना मराठीत सांगितलंत तर त्यांना जास्त कळेल.

पैशाचं आटोपतं घेतो. कार्ड घासताना यंत्र विचारतं, रुपयांत की युरोत? नेहमी युरो. रुपयांचा दर ते त्यांच्या मर्जीने लावतात. एक-दोन युरोची नाणी खिशात ठेवा, स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला लागतात आणि बाबांना ऐनवेळी सुट्टे शोधायला लावू नका. जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं की मोबाइल विमान-मोडवर. नाहीतर जहाजाचं नेटवर्क आपोआप पकडतं आणि बिल बघून सहलीचे पैसे स्वस्त वाटायला लागतात. आणि धक्क्यावर न्यायला जहाज टॉवेल देतं, तो परत नाही केला तर खात्यावर पैसे पडतात. सोलापूरहून निघताय, दोन आपले टॉवेल टाका की पिशवीत.

सगळं मिळून तुमचा बेत माझ्या मते असा बसतो. जेनोव्हा पायी, मार्सेय शटलने, रोमला नुसती बस, आणि नेपल्सला तुम्ही तिघांनी जहाजाची पाँपेईची सहल. म्हणजे पाच जणांच्या चार पूर्ण सहलींऐवजी तीनच माणसांची एकच पूर्ण सहल. "नुसती बस" लवकर भरते, ती आजच बघा. बाकीचं जहाजावर चढल्यावरही मिळतं. आणि बाबांना निघायच्या आधी महिनाभर रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाला फेरी मारायला लावा, नव्या बुटांत. बूट इथेच चावले तर बदलून मिळतात, रोममध्ये नाही.